मागच्या दारचं गूळपाणी

माझी बायको लोकांच्या मनाचे आजार बघायची आणि मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात फिटर होतो. मी सातवी शिकलेला. ती किती शिकली होती ते मला धड सांगताही यायचं नाही. एका शहाण्याने एकदा विचारलं, "तुम्ही दोघं घरी बोलता तरी काय?" मी म्हटलं, "ती दिवसभर लोकांचं ऐकते. घरी कुणी बोललेलं तिला चालत नाही. म्हणून तर टिकलंय."

ती गेली. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, पण कावळा शिवला नाही. झाडावर कावळे मोप होते, एक उतरेना. मेलेल्याचं काहीतरी मनात राहिलं असलं की असं होतं म्हणतात. मग नातेवाईक अंदाज करतात, आणि ज्याचा अंदाज बरोबर त्याच्या शब्दावर कावळा येतो. मुलगी म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." कोणी म्हणालं, दवाखाना बंद पडू देणार नाही. माझी बहीण म्हणाली, "वहिनी, येवल्याची पैठणी घ्यायची राहिली का गं?" तिने जन्मात पैठणी मागितली नव्हती. कावळा ढिम्म.

तिचा भाऊ त्र्यंबकला पौरोहित्य करतो. लग्नानंतर तो आमच्याकडे कधी फिरकला नाही, त्या दिवशी मात्र आला होता. मला म्हणाला, "भावजी, तुम्ही सांगा. तिच्या मनात काय राहिलं असेल?"

मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला माहीत नव्हतं.

ऊन चढलं. शेवटी त्यानेच दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. उठताना माझ्या कानाशी म्हणाला, "तिचा पिंड आमच्या वडिलांनी तेव्हाच दिलाय ना. एका माणसाचे दोन पिंड झाले. अडकली असणार. त्र्यंबकला नारायण नागबळी करून घेऊ. तीन दिवस लागतात."

तेव्हापासून माझी झोप गेली. ती अडकली असेल तर सोडवायला पाहिजे. आणि सोडवली तर ती जाणार. मला या दोन्हीतलं एकही नको होतं.

आधी तो पहिला पिंड सांगतो.

आमची त्र्यंबक रस्त्याला फुलशेती होती. झेंडू, शेवंती, गुलाब. त्र्यंबकला तिच्या वडिलांकडे रोज पाटी टाकायचं काम माझं. फुलवाल्याने मागच्या दाराने यायचं, ओट्यावर पाटी ठेवायची, आत डोकावायचं नाही. ती कॉलेजातून यायची आणि त्या ओट्यावर बसून वाचायची. एक दिवस मला म्हणाली, "तू रोज फुलं आणतोस, ती कुणासाठी ते माहितीय?" मी म्हटलं, "देवासाठी." "नाही. मेलेल्यांसाठी. या घरात मेलेल्यांचंच चालतं सगळं. जिवंत माणसाला कुणी काही विचारत नाही." मी म्हटलं, "मग मी विचारू का? चहा घेणार?" त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

पुढे तिचं शिक्षण झालं, मला कारखान्यात नोकरी लागली, आम्ही लग्न केलं. तिच्या वडिलांनी कुशावर्तावर तिच्या नावाने अंघोळ केली आणि जिवंत लेकीचा पिंड दिला. आम्हाला गावातल्या माणसाने येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं झालं, आता माझं श्राद्ध चुकणार नाही त्यांचं." आणि भाकरी उलटली. त्यावर रडलेली मी तिला पाहिली नाही.

सुरुवातीला ती सरकारी दवाखान्यात होती. मग मुंबईला एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे मनोविश्लेषण शिकायला जायला लागली. त्या विद्येत म्हणे शिकणाऱ्याने आधी स्वतःच कोचावर आडवं पडून बोलायचं. मी विचारलं, "तू काय बोलतेस?"

"वडिलांबद्दल."

"दर वेळेला?"

"दर वेळेला."

"एवढं काय हाय त्या माणसात?"

"तेच शोधतेय," म्हणाली.

मग घरातच तिने खोली थाटली. कोच मी केला, पाइपाचा सांगाडा, वर काथ्याची गादी. तिची खुर्ची कोचाच्या डोक्याकडे, म्हणजे पडलेल्या माणसाला ती दिसायची नाही. खुर्ची कुरकुरायची. फिटरच्या घरात कुरकुरणारी खुर्ची म्हणजे लाजच. मी तेलाचा डबा घेऊन गेलो तर हात धरला. "राहू दे. मी दिसत नाही त्यांना. कुरकुरली की कळतं मी आहे."

आणि दोन दारं. पुढच्या दाराने आत यायचं, मागच्या दाराने बाहेर जायचं, म्हणजे येणारा आणि जाणारा एकमेकाला भेटायचा नाही. नाशिकमध्ये कोण कुणाचा साडू निघेल सांगता येत नाही. कारखान्यातली पाळी संपली की मी मागच्या दारी बसायचो. बाहेर येणाऱ्याला गूळपाणी द्यायचो. लोक आतून असे यायचे, जसे उन्हातून चालत आलेत. पाणी प्यायचे, पेला ठेवायचे, जायचे. काही विचारायचं नाही हा नियम. कुणी रडत असलं तर मी वाफ्यातल्या मेथीकडे बघायचो.

गल्लीत चर्चा व्हायची. "बाई दिवसाढवळ्या लोकांना झोपवते अन् नवरा मागं पहारा देतो." खोटं काय होतं त्यात? ती झोपवायची, मी पहारा द्यायचो.

आत काय बोलणं व्हायचं ते ती सांगत नसे. कुणाचं नाव नाही, गाव नाही. कधीकधी जेवताना एवढंच म्हणायची, "माणसं अंगाबद्दल बोलायला मरणापेक्षा जास्त भितात." कुणाचं लग्न होऊन वर्षं झाली आणि एकमेकाला हात लावलेला नाही. कुणा बाईला नवऱ्याच्या वासाने उलटी येते. कुणा पोराला पोरगाच आवडतो. ही माणसं आधी देवाकडे जायची. बुवाकडे, मांत्रिकाकडे, त्र्यंबकला. सगळीकडे एकच उत्तर, पूर्वज अतृप्त आहेत. ही देवाला खोटं म्हणायची नाही. "विधी करा की. फक्त कुणासाठी करताय ते आधी मला सांगा," म्हणायची. एखादी बाई सांगायची, मेलेली सासू रात्री छातीवर बसते. ही विचारायची, "बसून काय म्हणते?" तिथून सुरुवात.

तिचे मुंबईचे शिकलेले सोबती तिला नावं ठेवायचे, ही भुताखेतांत शिरली म्हणून. त्र्यंबकचे लोक नावं ठेवायचे, हिने धर्म सोडला म्हणून. ती दोघांना चहा पाजायची.

एक गोष्ट मला कळली होती पण उमगली नव्हती. त्र्यंबकहून माणसं यायला लागली होती. विधी करून सुद्धा बरं वाटेना, असली माणसं. मी मागच्या दारी त्यांच्या हातातले गंडे बघायचो. त्यांना आमचा पत्ता कोण देत होतं?

एका संध्याकाळी शेवटचा माणूस गेला, विशीतला पोरगा होता, पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायला, आणि त्याच्या मागून ही स्वतः मागच्या दाराने बाहेर आली. ती कधी त्या दाराने यायची नाही. मी सवयीने पेला पुढे केला. ती सगळं पाणी प्यायली. म्हणाली, "स्कूटर काढ. त्र्यंबकला जाऊ."

कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसलो. तिथून तिच्या वडिलांची गल्ली दिसते. मी म्हटलं, "जायचं का घरी?"

"नको. कळलं मला."

"काय कळलं?"

"चल, डोसा खाऊ," म्हणाली. खाल्ला आणि आलो. पुढच्या वर्षी तिचा म्हातारा बाप गेला. आम्हाला कोणी कळवलं नाही.

आता ती गेल्यानंतरचं. तिन्हीसांजेला, तिची माणसं यायची त्या वेळेला, आतल्या खोलीत खुर्ची कुरकुरते. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लाकूड हवेने आवाज करतं. तेल घाला." मी म्हटलं, "तुझ्या आईने घालू दिलं नाही."  मग ती म्हणाली, "मामा म्हणतो तसं करून टाकू या का? तुम्हाला झोप तरी लागेल."

मी डबा घेऊन खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत गेलो नाही.

मेहुण्याने विधीचा दिवस धरला, फोन केला. मी हो म्हणून बसलो.

त्याच आठवड्यात एक माणूस आला. चाळिशी ओलांडलेला, डोक्याला पुढून टक्कल. त्याला मॅडम गेल्याचं माहीत नव्हतं. सांगितलं तर तिथंच पायरीवर बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही मला गूळपाणी द्यायचे." चेहरा ओळखू आला नाही, पण मी पाणी दिलं आणि त्याने पेला दोन्ही हातांनी धरला तेव्हा ओळखलं. त्या संध्याकाळचा पोरगा.

मागच्या दारी बसलो. तो म्हणाला, "मॅडमनी माझं तुम्हाला सांगितलं असेल."

"तिने मला कुणाचंच सांगितलं नाही."

"मग मी सांगतो. माझंच आहे. मला बाया आवडत नाहीत, काका. घरच्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला त्र्यंबकला नेलं. पितृदोष म्हणून. एका म्हाताऱ्या गुरुजींनी सगळा विधी केला. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा गुरुजींनी आईवडिलांना बाहेर बसवलं. मला म्हणाले, 'तुझे आईबाप तुझा पिंड करायला आलेत. मी एकदा जिवंत माणसाचा पिंड दिलाय. कावळा शिवला नाही. दिवसभर बसलो, शिवला नाही. गवताचा कावळा करून उठलो. जिवंत माणसाचे पिंड करू नयेत, बाळ. नाशिकला एक बाई आहे, तिच्याकडे जा. मी पाठवलं म्हणून सांगू नको.'"

मी त्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "कोचावर पडल्यावर खोटं कसं बोलणार? मॅडम काहीच बोलल्या नाहीत. खुर्ची कुरकुरली फक्त. लय वेळ कुरकुरत होती."

तो आता पुण्याला राहतो, एका माणसाबरोबर. जाताना माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "अरे माझ्या कशाला? मी नुसता पाणी देणारा." तो म्हणाला, "त्याच पाण्यावर बसस्टँडपर्यंत गेलो होतो, काका. नाहीतर गोदावरी मधेच लागत होती."

त्या दिवशीचा डोसा मला आता कळला.

मी मेहुण्याला फोन लावला. "विधी करायचा नाही."

"भावजी, असं करू नका. ती अडकलीय—"

"तुझ्या बापाने तिचा दिलेल्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. हो की नाय?"

त्याने उलट विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मागच्या दाराने कळलं. तुला माहीत होतं?"

 मग आवाज एकदम लहान मुलासारखा आला. "दर्भाचा कावळा मीच वळला होता. नानांना काही तो वळता येईना. मला म्हणाले, तू वळ. तेव्हाही मी, आणि आता रामकुंडावर पण मीच. माझ्याच हातून दोन्ही वेळा."

मला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या. सगळी वर्षं जमवून ठेवल्या होत्या. तोंडात आल्या आणि तिथंच राहिल्या.

"तिला एकदा जिवंतपणी मेली म्हटलंत," मी म्हटलं. "आता मेल्यावर अडकली म्हणू नका. तू जेवायला ये. शेंगोळे करतो. पुढच्या दाराने ये."

तो आला. मला वाटलं होतं, पाठशाळेची दोन पोरं सोबत आणील, पळी-पंचपात्र आणील. एकटाच आला, हातात शेवंतीची पुडी. त्यांच्या घरातून आमच्या घरी फुलं आली, असं पहिल्यांदाच झालं. दारात चपला काढताना म्हणाला, "खोली कुठली तिची?"

मी दाखवली. तो आत गेला. कोचावर बसला की पडला, मी पाहिलं नाही. दार त्यानेच लोटून घेतलं. मी स्वयंपाकघरातून मागे गेलो, माझ्या जागेवर बसलो. गूळ फोडून पाण्यात टाकला. दिवे लागायची वेळ झाली होती.

आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. थांबून थांबून. मग तो गप्प झाला आणि खुर्ची कुरकुरली. त्याचा आवाज कोचाकडून येत होता. खुर्ची दुसऱ्या टोकाला असते. हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही, ऐकलं ते लिहितोय. नंतर पुन्हा त्याचं बोलणं सुरू झालं.

शेंगोळे गार झाले. बऱ्याच वेळाने तो मागच्या दाराने बाहेर आला. डोळे सुजलेले, शेंडी सुटलेली. उन्हातून चालत आल्यासारखा. मी पेला दिला. तो पूर्ण प्यायला, खाली ठेवला.

मी वाफ्याकडे बघत होतो. काय बोलला, कुणाशी बोलला, विचारलं नाही. तसा नियम नाही.