दक्षिणेच्या भिंतीवरची काच

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीवर वीतभर लांबीची काचेची एक पट्टी चिकटवली होती. त्या पट्टीनं माझी महिनाभर झोप उडवली, आणि मी किती पाण्यात आहे तेही मला दाखवलं.

आमचं चर्च व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. काळा दगड, टोकदार कमानी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वेदीमागे रंगीत काचांच्या तीन खिडक्या. बांधणारे साहेबलोक कधीच गेले. मागे त्यांच्या पितळी पाट्या उरल्या, आणि आम्ही. मे महिन्यात सोलापूर तव्यासारखं तापतं तेव्हाही आत पाऊल टाकलं की गार वाटतं. हातभर जाड भिंती आणि चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्यानं भरलेले सांधे, ही त्यातली करामत.

पण ही करामत आम्हाला फार उशिरा कळली. माझे पप्पा गणिताचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाहिलं की दगडांमधला चुना झडतोय. लगेच त्यांनी दक्षिणेच्या भिंतीच्या सगळ्या दर्जा सिमेंटनं भरून घेतल्या. टोपी घालून दोन महिने गवंड्यांच्या मागे उन्हात उभे! "आता शंभर वर्षं इकडं बघायला नको," असं ते येईल त्याला सांगायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पंधरा-सोळा वर्षांत भिंतीला पोट आलं, आणि खिडकीपासून खाली एक तडा गेला.

मी चर्चच्या पंच कमिटीची सेक्रेटरी. शोधून शोधून अक्कलकोटकडचा एक म्हातारा गवंडी आणला, चुन्याचं काम जाणणारा. त्यानं माझा हात धरून भिंतीवर ठेवला.

"ओल लागती की न्हाय, ताई? चुन्याची भिंत श्वास घेती. शिमिटानं तिचं नाक दाबलंय. पानी आत मुरतंय, बाहेर निघंना. आतला चुना लई धुपलाय."

त्यानं तड्यावर काच आडवी ठेवली, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचे गोळे लावले, आणि काचेवर तारीख लिहिली. "भिंत हलली तर ही आधी मोडंल. मोडली की मानसं बाहेर काडा, मग माला फोन करा."

कमिटीत आधीच दोन तट होते. निम्म्यांना भिंत पाडून सिमेंटचा हॉल वाढवायचा होता. शेवटी ठरलं: महिनाभर काच टिकली तर सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरायचा. मोडली तर भिंत पाडायची. म्हणजे पप्पांचं नाव कायमचं त्या ढिगाऱ्याला चिकटणार. पप्पा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण गवंडी काय म्हणाला ते त्यांच्या कानावर गेलं होतं. जेवण निम्म्यावर आलं होतं.

रोज सकाळी बँकेत जाण्याआधी मी जुळे सोलापूरहून स्कूटी काढायची, चर्च उघडायची, काच बघायची. सव्विसाव्या दिवशी, शनिवारी, काच मधोमध मोडलेली दिसली.

चारच दिवस उरले होते! मला भिंतीचा राग आला, गवंड्याचा आला, आणि पप्पांचा तर फारच आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत मी चर्चमधलं कपाट उघडलं. गवंड्यानं जास्तीची एक पट्टी आणि प्लॅस्टरची पुडी ठेवली होती. मी नवी काच चिकटवली. वर तीच जुनी तारीख लिहिली, त्याच्यासारखी तिरकी. मग वेळेवर बँकेत गेले आणि दिवसभर गोड बोलले.

रविवारी उपासनेला पप्पा आपल्या नेहमीच्या जागी बसले. उजवीकडून चौथा बाक, भिंतीला लागून. शेजारी मी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कुणीही मान वळवली की मला वाटायचं हा काचच बघतोय. पप्पा मात्र खुशीत होते. "सत्तावीस दिवस झाले," ते माझ्या कानात म्हणाले. दुसरं गीत सुरू झालं. ते मोठ्यानं गात होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर पिठासारखं काहीतरी पडलं. मी वर पाहिलं. प्लॅस्टर लावून जेमतेम एक दिवस झाला होता, आणि नव्या काचेतून केसासारखी एक रेघ आरपार गेली होती.

मी उठून ओरडले. "गाणं थांबवा. सगळे बाहेर चला, आत्ता! काच कालच मोडलीय. मी बदलली."

माणसं बाहेर पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पप्पा हळू चालतात. त्यांना उचलून न्यावं असं वाटत होतं. भिंत पडली नाही. पण पडू शकली असती.

अंगणातल्या लिंबाखाली सगळे माझ्याकडे बघत होते. पप्पा पुढे आले आणि वर्गात बोलायचे तसे स्वच्छ आवाजात म्हणाले, "सिमेंट मी भरलं होतं. चूक माझी." मग माझ्याकडे वळले. आवाज खाली आला.

"मी चुकलो ते कळत नव्हतं म्हणून. तुला कळत होतं. आणि तरी तू मला तिथं बसू दिलंस."

मला रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

भिंत उतरवायचं ठरलं. हॉलचं बोलणं मात्र बारगळलं. गवंडी म्हणाला, दगड चांगले हायेत, नंबर टाकून उतरवू आणि चुन्यात परत रचू. नंबर कोण टाकणार, असं कमिटीत विचारलं तेव्हा पप्पांनी हात वर केला.

ते रोज खुर्चीत बसून एकेका दगडावर सुबक आकडा काढायचे. माझ्याशी बोलत नव्हते. मी बँकेतून येऊन नुसती जवळ उभी राहायची. तिसऱ्या आठवड्यात एकदा, वर न बघता, त्यांनी रंगाचा डबा माझ्याकडे केला.

"धर," म्हणाले. "आणि आकडा लिहिला की वाचून दाखव. मोठ्यानं."