मशीनच्या पोटातलं कुंकू

मशीनच्या बाबतीत आख्ख्या कोल्हापुरात माझा हात धरणारा कोण न्हाय. धरला असता तर बरं झालं असतं, असं बायको म्हणती.

मी चौथी शिकलो. म्हंजे चौथीत बसलो, शिकलो न्हाय. पुढं शिरोलीच्या एका फौंड्रीत ग्राइंडरवर लागलो. भट्टीतनं ओतून आलेल्या लोखंडाच्या कडंला जी खरबड राहती, ती घासून काढायची, एवढंच काम. पण गल्लीत मी मशीनमधलं कळणारा माणूस म्हणून फिरायचो. कुणाचा मिक्सर बिघडला की मला बोलवायचे. एका घरातनं एकदाच बोलवायचे.

ही गोष्ट नव्वदच्या पुढची. बायकोनं लग्नाआधी जयसिंगपुरात शिवणक्लास केलता. हात लई चांगला, पण घरात मशीन न्हाय. शेजारच्या पोरीचा एक फ्रॉक तिनं हातानं शिवला, तो गल्लीतल्या शाळेच्या मोठ्या बाईंनी बघितला आणि तिला बोलावून घेतलं. लेझीम खेळणारी दुसरीची बारा पोरं हुती, त्यांचे बारा पांढरे सदरे शिवायचे. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे. बाईंनी पांढऱ्या कापडाचा तागा हातात दिला आणि सांगितलं, "हे नीट झाले तर जूनमध्ये सगळ्या शाळेचे गणवेश तुमच्याकडेच."

लग्नाला नऊ वर्सं झालती. त्या नऊ वर्सांत तिला स्वतःचं म्हणून काय मिळायची ही पयली येळ. ती कापड घेऊन घरी आली आणि दोन दिवस ते नुसतं ट्रंकेत ठेवून झाकण उघडून बघत हुती.

मशीनचं काय करायचं, तर सासूबाईंचं एक हुतं. जुनं, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी स्टँड, पायानं चालवायचं. सासूबाईंना दिसंना झालं तवापास्नं ते माळ्यावर पडून हुतं. मी म्हटलं, "आणतो की. चार दिवसात नव्यासारखं करतो."

बायको म्हणाली, "तुमी आणा निस्तं."

जयसिंगपुरास्नं एसटीनं आणलं. स्टँड टपावर टाकला आणि मशीनचं डोकं सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक मावशी बसलती. ती बराच येळ लुगड्याकडं बघत हुती. शेवटी मायेनं इचारलं, "किती म्हैन्याचं हाय, बाबा?"

मी म्हटलं, "चाळीस वर्साचं."

मावशी उठून पुढच्या सीटवर गेली.

घरी आल्यावर चाक फिरवून बघितलं. जाम. आतलं तेल सुकून डिंकासारखं झालतं. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं, तर कुणाला तरी इचारलं असतं. मी जेवायचं ताट घेतलं आणि एकेक स्क्रू काढून त्यात ठेवत गेलो. सगळं उघडून पुसलं, परत बसवलं, तर ताटात तीन स्क्रू उरले. बायको म्हणाली, "हे कुठलं?"

"जास्तीचं असतंय," मी म्हटलं. "कंपनी देती."

मग मी फौंड्रीतनं डबाभर ग्रीस आणलं आणि जिथं भोक दिसलं तिथं बोटानं भरलं. आधी चाक जोर लावला तर जरा हलायचं तरी, आता हलंचना. त्यावर मी ठरवलं की निदान दिसायला तरी नवं करू. पॉलिश पेपर घेतला आणि घासायला सुरवात केली. ते पंधरा वर्सं घासायची सवय, हात थांबतोय कुठं. बायको स्वयपाकघरातनं येस्तवर सोनेरी फुलांतलं एक फूल अर्धं उडालतं. तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला. तिच्या आईनं त्या फुलांवर कवा ओलं फडकं बी फिरवलं न्हवतं, हे मला मागनं कळलं.

ती सरळ गेली आणि कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरला घेऊन आली. मास्तर सत्तरीचे, गळ्यात टेप आणि कानावर खडू. त्यांनी मशीनच्या पोटाखाली बोट घातलं, बाहीर काढलं, बोटभर ग्रीस बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गड्या, हे शिलाई मशीन हाय का बैलगाडीचा आस?"

"मास्तर, वंगण कमी पडू नये म्हणून..."

"कमी कुठलं पडतंय. ह्यात दोन गाड्या सांगलीला जाऊन येतील."

पुढचे चार दिवस मास्तर दुकान बंद केलं की यायचे. आधी रॉकेलात बुडवलेल्या चिंधीनं माझं ग्रीस काढलं. ह्यालाच दोन दिवस गेले. मग माझ्या दात घासायच्या ब्रशनं सुईखालचे दात घासले. मशीनचे दात चकाचक झाले, माझे चार दिवस मीठ लावून बोटानं घासायचे राह्यले. सगळ्या सांध्यात रॉकेल सोडून चाक हळूहळू मागं-पुढं करायचं, जोर लावायचा न्हाय. हे काम मला दिलतं. मी जोर लावला की मास्तर हातावर खडू मारायचे. मग रॉकेल पुसून मशीनचं पातळ तेल, प्रत्येक भोकात दोन थेंब, मोजून. ते तीन स्क्रू मास्तरनी एका मिनिटात जागच्या जागी लावले. चामड्याचा पट्टा कापून आखडला, नवी सुई घातली आणि बायकोला म्हणाले, "बस बाळ."

तिनं पाय टाकला. मशीन असलं गोड चाललं की मी टाळी वाजवली. कुणी माझ्याकडं बघितलं न्हाय.

तीन दिवसात आठ सदरे शिवून झाले. चार राह्यले. आणि आली खंडेनवमी.

आता खंडेनवमी म्हटलं की आमच्या फौंड्रीत उत्सवच. सगळी मशीनं धुऊन-पुसून हार घालायचे, हळद-कुंकू मुठीनं उधळायचं, अक्षता टाकायच्या, पायथ्याला नारळ फोडायचा आणि त्या दिवशी मशीनला सुट्टी. दसऱ्यानंतर कामावर गेलं की हवेची नळी मारायची, सगळं उडून जातंय. फौंड्रीत पूजा माझ्याकडंच असायची, कारण माझा नारळ एका फटक्यात फुटतोय.

मी घरी येऊन बघतो तर बायकोनं मशीनला कुंकवाचं एक बोट लावलंय आणि झेंडूचं एक फूल ठेवलंय. संपलं. मला वाईट वाटलं. एवढं चाळीस वर्साचं मशीन, आपल्या घरचं भाग्य उजळायला आलेलं, आणि एक फूल? बायको मंडईत गेलती. मी हात-पाय धुतले आणि फौंड्रीच्या हिशोबानं पूजा केली. मूठभर कुंकू, मूठभर हळद, त्याच्यावर अक्षता, आणि नारळ फोडला तो लोखंडी स्टँडच्या कडंवरच. एका फटक्यात फुटला. पाणी सगळं वर उडालं. मला तर शुभच वाटलं.

बायको आली, बघितलं, कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "पुसतो की." आणि पुसलं बी. वरनं आरशासारखं केलं. पण सुईखाली एक भोक असतंय आणि त्याच्या खाली मशीनचं सगळं पोट असतंय, हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. आणि घरात हवेची नळी न्हवती, हे बी.

दसऱ्याला सकाळी लवकर ती बसली. मशीन कट् करून थांबलं. मी म्हटलं, "थांब," आणि चाकाला एक झटका दिला. आत काय तरी चुरडलं आणि मशीन चालू झालं. मी कॉलर ताठ केली. ती अक्षता हुती, हे नंतर कळलं.

तिनं नवव्या सदऱ्याची पुढची पट्टी मारली, बगला मारल्या. वरनं टीप पांढरीशुभ्र. दहावा घेतला, तोबी केला. मग बटनपट्टी दुमडायला दहावा उलटा केला आणि तशीच बसून राह्यली. खालच्या बाजूला सगळ्या शिवणीवरनं लाल-पिवळी रेघ गेलती. तेलात कुंकू, हळद आणि नारळाचं पाणी, असा सगळा प्रसाद दोन्ही सदऱ्यांना मिळालता.

"असूं दे, धुतलं की जातंय," मी म्हटलं आणि ती उठायच्या आत दोन्ही सदरे मोरीत नेऊन साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लालभडक पडती, हे घराघरातल्या बायकांना म्हाईत असतंय. मला त्या दिवशी समजलं. मी जितकं चोळावं तितकं लाल व्हायचं. बायको मोरीच्या दारात येऊन उभी राह्यली. तिच्या डोळ्यात पाणी आलतं. ती रडायला लागली असती तर मी काय तरी बोललो असतो. ती नुसती म्हणाली, "ताग्यातलं कापड संपलंय."

दसऱ्याचा दिवस. कापडाची दुकानं पूजा करून बंद झालेली. उद्या सकाळी शाळा.

तेवढ्यात मास्तर सोनं द्यायला आले, हातात आपट्याची पानं. घरात कुणी "या" म्हटलं न्हाय तवा त्यांनी सगळं ओळखलं. मशीन आडवं केलं, पोट उघडलं, खालच्या दोऱ्याचं शटल काढलं, त्यातनं तांदळाचा चुरा आणि लाल चिखल काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"गड्या, दिवसाचं काम झालं की सुईखालचा कापसाचा भुगा काढायचा, एक थेंब तेल सोडायचं, चिंधीवर चार टिपा मारायच्या आणि वर कापड झाकायचं. हीच मशीनची पूजा. रोज केली तर ते तुझ्या नातवाला बी कपडे शिवंल. आणि ही पूजा तू करायची न्हाईस. हिनं करायची."

मशीन तासाभरात साफ झालं. पण दोन सदऱ्याचं कापड आणायचं कुठनं?

मी गुपचूप बाहीर पडायच्या बेतात हुतो. सोनं लुटायला जायचं म्हणून दसऱ्याचा नवा सदरा घातलता. पांढरा, सुती, घडी मोडून अर्धा तास झालता. दारात पोचलो आणि मागनं बायकोचा आवाज आला.

"अवो. जरा फिरा."

मी फिरलो.

"आता मागं फिरा."

मागं फिरलो. तिनं मास्तरच्या गळ्यातला टेप घेतला, माझ्या पाठीला लावला, मग पोटाला लावला. पोटाला लावताना टेप कमी पडला. मास्तर म्हणाले, "दोन पोरं आरामात बसत्यात."

"काढा," बायको म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, सणाचा हाय."

"म्हणूनच काढा. स्वच्छ हाय."

वर्सभर पोटावरनं बोलणी खाल्ली हुती. त्या दिवशी पयल्यांदा ते कामाला आलं. सोनं लुटायला मी गावात गेलो ते फौंड्रीच्या खाकी शर्टात. जो भेटंल तो इचारायचा, "आज बी ड्युटी व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शाळेत गेलो. तिच्या हातात बारा सदरे, इस्त्री केलेले, मी मागं. बाईंनी एकेक सदरा उलटा करून शिवण बघितली, ओढून बघितली, काजं बघितली. दहा झाले. अकराव्याला थांबल्या. बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"ह्या दोन सदऱ्यांचं कापड जरा वेगळं वाटतंय," बाई म्हणाल्या.

मी भिंतीवरची बाराखडी वाचायला लागलो.

"जास्त चांगलं आहे," बाई म्हणाल्या आणि घडी घालून ठेवले. "मे महिन्यात या. मुलांची मापं घ्यायला लागतील. दीडशे मुलं आहेत, जमेल ना?"

"जमतंय की," बायको म्हणाली. आवाज एवढा बारीक की तिचा वाटंना.

आता इथं गप बसायचं का न्हाय? पण माझं तोंड. मी पुढं सरकलो आणि म्हटलं, "बाई, मशीन चाळीस वर्साचं हाय बरं का. बंद पडलेलं. आमीच चालू केलं."

बाईंनी माझ्याकडं वरनं खालपत्तर बघितलं आणि बायकोला इचारलं, "हे पण मदत करतात वाटतं?"

बायको म्हणाली, "न्हाय बाई. ह्यांचा निस्ता सदरा उपयोगी पडला."