तपासणीआधीचे चार दिवस

थेंब घालताना रफूकाका श्वास धरत. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून ठेवत, दोन मिनिटं. दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं थांबत. डोळ्यांतला दाब वाढू नये म्हणून पाणी घटाघटा पीत नसत. जिन्यावर कठडा सोडत नसत. सुई मात्र पहिल्या फटक्यात ओवत.

ही शिस्त उशिरा आली. मी त्यांच्या रफूच्या दुकानाशेजारच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला. सगळं डोळ्यांसमोर घडलं. काचबिंदू निघाल्यावर दोन वर्षं काका तपासणीआधी फक्त चार दिवस थेंब घालत. दुखत नव्हतं, कापडाचा धागा न् धागा दिसत होता. दाब दर वेळी बरोबर निघे. डॉक्टरीणबाई खूश, काका त्याहून खूश. परीक्षेच्या तोंडावर अभ्यास करून पास झालेल्या मला यात काही वावगं वाटलं नाही.

मग बाईंनी नजरेचा परीघ मोजला. डाव्या डोळ्याची कडा गेलेली होती.

"मला कसं कळलं नाही?"

"मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्रानं भरून काढतो."

"म्हणजे माझाच धंदा की! आणि गिऱ्हाईकही मीच?"

बाई हसल्या नाहीत. "गेलं ते परत येणार नाही. उरलेलं सांभाळा. रोज थेंब. आणि सख्ख्या भावाला तपासायला पाठवा. हे रक्तातून येतं."

धाकटा भाऊ क्रेन चालवायचा. आईच्या आजारपणात तो फिरकला नव्हता. तेव्हापासून सात वर्षं अबोला.

"फोन करा ना, काका."

"करतो रे. म्हणेल, सात वर्षांनी आठवण झाली, तीही आजार वाटायला."

थेंब एकदाही चुकले नाहीत. फोन रोज राहिला.

गेल्या मंगळवारी काका दुकानातच गेले. हृदय बंद पडलं.

धाकटा आला. बसला. मी बाजूनं चहा पुढं केला. त्याला दिसला नाही. अख्खी मान वळवली, तेव्हा दिसला.

मी कप त्याच्या हातात दिला.

"डोळे दाखवलेत कधी?"

"माझे? अरे, वरून खालचा बोल्ट दिसतो मला. दादाला विचार हवं तर..."

त्यानं कप खाली ठेवला.

काकांच्या खणात एक चिठ्ठी सापडली होती. फोनवर काय बोलायचं, ते लिहून पाहिलेलं. मी ती त्याच्यासमोर धरली. बरोबर समोर.

"छोट्या, फोन ठेवू नकोस. आधी ऐक. माझ्या डोळ्यांना"

पुढं कागद कोरा होता.