अर्धी अर्धी गोळी

गल्लीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, न्हाव्यांचे वस्तरे, सगळे तिच्या चाकावरून जात. म्हणून ती धारवाली. पायाने चाक फिरवत पातं दगडाला टेकवायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, याला अजून किती घासायचं ते. वय बावन्न. हात असा स्थिर, की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

पाळी थांबून दीड वर्ष झालं आणि त्याच हातांना दरदरून घाम फुटायला लागला. भर थंडीत अंगाची लाही व्हायची, छाती धडधडायची, मूठ निसटायची. एकदा वस्तरा तिच्या बोटापासून केसभर अंतरावरून गेला. त्या दिवशी ती मुकाट्याने डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासण्या केल्या, इस्ट्रोजेनच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं. पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, रक्तवाहिन्या ताठर होत जातात."

"म्हणजे आतून गंज धरतो."

"तसंच काहीसं."

घोळ झाला तो इथे. गंजाला तेल लावायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं; ही गोळी म्हणजे तेच तेल, असं तिने धरलं. घरी थोरली बहीण, अक्का, सहासष्ट वर्षांची, हृदयाचं दुखणं जुनं. दोघी लहानपणापासून हाती येईल ते निम्मं निम्मं वाटून घेत आलेल्या. धारवालीने गोळीवर पातं असं टेकवलं, की भुगासुद्धा पडला नाही.

"घे अक्का, तुझ्या हृदयाला तेल."

"तेलाचं राहू दे, तुझ्या जिभेला लगाम घाल आधी," म्हणत अक्काने अर्धी गोळी गिळली. रोज एक अर्धी.

पाचव्या आठवड्यात अक्काची पोटरी सुजून टणक झाली. दुसऱ्या दिवशी दोन पावलं चालताना धाप लागली. धारवालीने तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

"नवीन काही औषध घेताय?" बाईंनी विचारलं.

"छे हो," अक्का चटकन म्हणाली. धाकटीवर बोल यायला नको.

दार उघडंच होतं. बाहेर बाकावरच्या बायका कान टवकारून बसलेल्या. त्यातल्या बऱ्याचजणी धारवालीची गिऱ्हाइकं. तिने अक्काकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "खोटं बोलतेय ती. माझ्या गोळ्या मीच तिला चारल्या. पाच आठवडे. चूक माझी आहे."

रागवायला बाईंनी वेळ घालवला नाही. पायात रक्ताची गुठळी झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात पोचला होता. खरं वेळेवर कळलं म्हणून धागा लगेच हाती लागला. अक्का वाचली.

नंतर बाईंनी धारवालीला समोर बसवलं. "गोळ्या दिल्या त्या तुमच्या घामासाठी. हृदय राखायला म्हणून त्या आम्ही कुणालाच देत नाही. अक्कांची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, त्यात हृदय आधीच आजारी. या गोळ्यांनी रक्तात गुठळी होऊ शकते; त्यांना त्या घातक." धारवालीने मान खाली घातली नाही. सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं, नीट समजेपर्यंत.

आता कात्रीबरोबर कुणी गोळ्यांची पाकिटंही काढून दाखवतं. "बघ गं, मला चालतील का या?" धारवाली चाक थांबवते. अक्काला आपण कसं मरणाच्या दारात नेलं होतं, ते एक शब्द न गाळता सांगते. मग पाकीट परत त्या बाईच्या हातात ठेवते.

"मला पात्यांतलं कळतं. हे डॉक्टरीणबाईंना विचार. आजच जा, कात्री राहू दे इथे."