अळीचं बटण

बँकॉकच्या जुन्या संगणक-बाजारात, तळमजल्याच्या जिन्याखाली, लुंग प्रायूनचं, म्हणजे प्रायूनकाकाचं, सुट्या बटणांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल आणि मागे खणांचं कपाट. बंद पडलेल्या लॅपटॉपचे कीबोर्ड आणायचे, बटणं अलगद उपटायची आणि ज्याचं तुटलंय त्याला बसवून द्यायची. गिऱ्हाईक छातीठोक सांगतं, "तेच मॉडेल आहे लुंग, बसेल की!" बसत नाही. एकाच मॉडेलच्या बटणाखाली तीन तऱ्हांच्या पकडी निघतात, आणि बनवणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं.

त्यातून अख्ख्या शहराला हवं असतं एकच बटण. थाई आणि इंग्रजीत ये-जा करायला सगळे वरच्या डाव्या कोपऱ्यातलं, अळीसारख्या नागमोडी (~) खुणेचं बटण बडवतात, म्हणून आधी तेच मोडतं. टाकून दिलेल्या कीबोर्डांवरही नेमकं तेच नसतं! थाईतलं जे अक्षर हल्ली कोणी लिहीत नाही, त्याची बटणं मात्र प्रायूनच्या खणात कोरी करकरीत पडलेली. ती पडली रुंद, अळीच्या जागी मावत नाहीत.

बाजाराबाहेर तळलेली केळी विकणारी पा सांगवान, म्हणजे सांगवानमावशी, एका दुपारी लॅपटॉप छातीशी धरून आली. तिचा मुलगा तोम मोटरसायकलच्या अपघातात गेला होता आणि त्याचा शंभराव्या दिवसाचा विधी उद्यावर आला होता. विहारात त्याच्या नावाने जे द्यावं ते त्याला पोचतं, हे प्रायूनही मानायचा.

"लुंग, पोरगं स्वप्नात येतं, ओठ हलवतं, पण शब्द फुटत नाही," ती म्हणाली. "जायच्या आधी कुरकुरत होता, अळीचं बटण मोडलं, आता नुसतं इंग्रजी उमटतं म्हणून. मला मेलीला कुठलं इंग्रजी! उद्या हा लॅपटॉप त्याच्या नावाने विहारात द्यायचाय. एवढं बसवून द्या, म्हणजे बोलेल तो."

"अख्खा कीबोर्डच बदलू या ना, पा. ते सोपं पडेल."

"नको. ही अक्षरं त्याच्या बोटांनी झिजलीत. नवा कीबोर्ड तो ओळखायचा नाही."

"मग आहे तसाच दिला तर?"

"मोडकं दिलं तर मोडकंच पोचेल. तुम्हाला का हे सांगायला हवं?"

प्रायूनने सगळे खण पालथे घातले. वरच्या मजल्यावरच्या गाळेवाल्याला विचारलं, तर तो हसला. "अळी? असती तर आधी माझ्याच लॅपटॉपला नसती का लावली?" शेवटी भंगाराच्या पोत्यात एक सापडलं, त्याच मॉडेलचं. पकड वेगळी निघाली. त्याने श्वास रोखून ती कानशीने घासली, आणि तिचा आकडाच तुटून उडाला. म्हातारा रडकुंडीला आला. विहाराला द्यायची वेळ टळणारी नव्हती आणि दुसरं बटण मिळणार नव्हतं. हाताशी गोंदाची नळी होती.

चिकटवल्यावर कीबोर्ड अगदी धडधाकट दिसू लागला. ते बटण आता दबणार नव्हतं, एवढंच. खरं सांगावं म्हणून प्रायूनने तोंड उघडलं, पण लॅपटॉप न्यायला आलेल्या सांगवानने तोवर हात जोडले होते आणि तिचे डोळे भरून आले होते. तिने बटण दाबून पाहिलं नाही. म्हणाली, "त्याचं आहे, आपण कशाला बोट लावायचं?"

विधी झाल्यावर काही दिवसांनी ती गरम केळ्यांची पुडी घेऊन जिन्याखाली आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"आला होता," ती म्हणाली. "तसाच. नुसते ओठ."

प्रायून कानशीशी चाळा करत राहिला.

"माझंच चुकलं, लुंग. विधीला त्याच्या आवडीची माशाची आंबट कढी केली, ती खारट झाली. रागावला असेल. आता शंभरावा दिवस पुन्हा थोडाच येणार आहे?" मग एकदम तिने वर पाहिलं. "बटण तर नीट बसलं होतं ना?"

"बसलं होतं, पा," प्रायून म्हणाला. "घट्ट बसलं होतं."