हसनचाचांचा उजवा हात

मैत्रिणींनो, आज दुपारी रत्नागिरीचे हसनचाचा आमच्या कुवेतमधल्या, अर्दियातल्या घरी आले. नात ड्रायव्हिंग शिकणार म्हटल्यावर लगेच म्हणाले, "ताई, क्लास कशाला? मी शिकवतो. बासष्ट साली इथंच ट्रक चालवायचो. लायसन पहिल्याच टेस्टला!"

मला शंका आली. "तेव्हा वळताना हात दाखवावा लागायचा ना? बसल्या बसल्या दाखवा बघू."

चाचांनी खिडकीबाहेर काढावा तसा झटकन उजवा हात लांब केला.

कुवेतमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं. तो हात शेजारच्याच्या नाकावर बसला असता!

"आधी मुंबईत चालवायचो, तिथली सवय हो," चाचा हसले.

"आजी, डोन्ट बी रूड," नात पुटपुटली.

मी गाडीची किल्ली उचलून कपाटात ठेवली. सवय की थाप, देव जाणे. तुम्ही दिली असती किल्ली?