भोरच्या मावशींनी न केलेली प्रार्थना

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही वारज्याहून भोरकडे निघालो, ते प्रार्थना करून घ्यायला. माझ्या नवऱ्याला, प्रमोदला, त्याच्या हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीने दोन वर्षं अमेरिकेला जाणार का, असं विचारलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. भोरपलीकडच्या एका गावात त्याची मावशी राहते. निवृत्त शिक्षिका, तिथल्या छोट्या चर्चमध्ये दर रविवारी मुलांना बायबलचे धडे देते. तिची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्या घरीच थांबल्या.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि पेट्रोल हायवेवरच भरा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की हवा बदलते. कापूरहोळला उजवीकडे वळल्यावर रस्ता अरुंद होतो, त्यात उसाच्या ट्रॉल्या. भोरच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. पुढे हॉटेल नाही, तेव्हा पोट भरूनच घ्या.

आम्हाला मात्र मावशींकडे पुन्हा जेवावं लागलं. पानावर बसल्याबसल्या प्रमोदने विषय काढला.

"मावशी, देव मला तिकडे बोलावतोय असं वाटतं. तिथे राहून सेवा करता येईल. तू प्रार्थना कर ना."

मावशींनी त्याच्या ताटात भाकरी वाढली. "सेवेला व्हिसा लागतो होय रे?"

"तसं नाही गं..."

"मग कसं ते आधी ठरव. तुलाच पटत नाही ते मी देवाला कशाला सांगू? आणि उद्याचा धडा तूच घे."

धडा होता तो लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी येशूने जे शिकवलं त्याचा.

रात्री तिथेच राहिलो आणि रविवारी सकाळी चर्चला गेलो. चर्च म्हणजे कौलारू खोली, खाली चटया, दारातून धरणाचं पाणी दिसतं. पुढे मुलं, मागे मोठी माणसं. प्रमोद बोलतो छान. दार लावून प्रार्थना का करायची, तर तिथे कोणाला दाखवायचं नसतं, असं त्याने समजावलं आणि मध्येच थांबला. मला वाटलं, विसरला.

"मी अमेरिकेला जायचं म्हणतोय," तो म्हणाला. "आमच्या चर्चमध्ये मी सांगितलं, देव बोलावतोय. खरं म्हणजे मला हौस आहे. पगारही चांगला आहे."

मागून एक बाई म्हणाल्या, "मग त्यात काय? हौस हाय म्हनायचं की सरळ!"

सगळे हसले. प्रमोदही. मावशी हसल्या नाहीत. उपासना संपल्यावर अंगणात त्या म्हणाल्या, "हौस असणं पाप नाही. पण तू देवाचं नाव पुढे केलंस, आता तुझी आई नाही कशी म्हणेल? तिला विचारलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मीही दुसरीकडे पाहिलं. मनातल्या मनात मी तिकडच्या थंडीसाठी कोटसुद्धा घेतला होता.

जेवून परत निघालो. वारज्याला पोचलो, सासूबाईंनी चहा टाकला. प्रमोद स्वयंपाकघरातच स्टुलावर बसला.

"आई, देवाचं नाव जरा बाजूला ठेवू. मला जावंसं वाटतंय. तुला काय वाटतं?"

त्यांनी गॅस बारीक केला. म्हणाल्या, "एकटीला भीती वाटते रे. देवाला नको कसं म्हणायचं, म्हणून गप्प होते."

सोमवारी प्रमोदने नकार कळवला. त्याच्या जागी टीममधला दुसरा गेला. त्याने पाठवलेले बर्फातले फोटो आले की प्रमोद अजून दोनदा पाहतो, आणि मीही. चर्चमधले लोक म्हणतात, त्यागाची साक्ष द्या, सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. तो देत नाही.

या सहलीतून काय उरलं म्हणाल, तर आमच्या घरची प्रार्थना बदलली. परवा सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "देवा, माझ्यामुळे पोराचं राहिलं. त्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण तो घरी आहे, त्याचं मला फार बरं वाटतं."

प्रमोदने डोळे उघडून आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमेन."